रामटेके बाई आणि पासवर्डचे दोन अर्धे

रामटेके बाईंनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाहुणा करून टाकलं, आणि त्याचा राग मी चांगला दोन वर्षं पोसला.

सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या आमच्या शाळेत मी लहान बाबू, म्हणजे ज्युनिअर क्लार्क म्हणून लागलो. हेडक्लार्कला आमच्याकडे मोठे बाबू म्हणतात. त्या खुर्चीत कौसल्या रामटेके बसत. खुर्चीत बाई आली तरी गावानं खुर्चीचं नाव काही बदललं नाही. पालक खिडकीतून डोकं घालून सरळ विचारत, "मोठे बाबू आल्या का?" आणि बाईही मान वर न करता म्हणत, "आल्या, बोला." मी कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेलो, सर्टिफिकेट फाईलमध्ये, मान ताठ. ऑफिसचा कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर दोन नावं आली, 'मालक' आणि 'पाहुणा'. मी अर्थातच 'मालक'वर गेलो. त्यानं पासवर्ड मागितला.

"तो नाई," बाई मागून म्हणाल्या. "तू पाहुणा."

"आणि मालक कोण, तुम्ही का?"

"मी बी पाहुणाच. बस अन् कामाले लाग."

मला वाटलं, बाई नव्या पोराची फिरकी घेताहेत. पण खरंच तसं होतं. त्या ऑफिसात सगळेच पाहुणे. पाहुण्याला पत्र लिहिता येई, पटाची यादी करता येई, मार्कशीट छापता येई. पण नवा प्रोग्राम टाकायचा म्हटलं, अँटिव्हायरस घटकाभर बंद करायचा म्हटलं, अहो साधं घड्याळ दोन मिनिटं पुढं करायचं म्हटलं, तरी लाल चौकट यायची आणि मालकाचा पासवर्ड मागायची. मी चिडून कारण विचारलं तर बाईंचं उत्तर तयार होतं. "पाहुण्यानं ओसरीत बसाव, चहा घ्याव, गप्पा कराव्या. कोठीच्या खोलीत त्याचं काय काम? अन् पाहुण्याच्या मांगं मांगं चोर आला, तं तो बी ओसरीतच राह्यते. आतमंदी त्याले रस्ताच नाई."

दिसायला बाई किरकोळ. सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी, आणि चष्म्याला दोरी म्हणून फायली बांधायची लाल फीत. सेलूहून रोज एसटीनं येत. पिशवीत फुटाण्यांची पुडी असायची, आणि एक फुटाणा तोंडात गेल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही होत नसे. त्या फुटाण्याच्या वेळात त्या कागद खरोखर वाचत. 'पाहिले' असा शेरा मारून न वाचता पुढं ढकलायची जी आपली सरकारी रीत आहे, ती बाईंना कधी जमली नाही. त्यामुळे बाईंच्या टेबलावरून माझी एक चूक सुटली असेल तर शपथ.

तर मग मालक कोण? इथंच बाईंची खरी गंमत आहे. मालकाचा पासवर्ड बाईंनी दोन तुकड्यांत केला होता. पहिला अर्धा हेडमास्तर काकडे सरांकडे, दुसरा अर्धा गुलाबराव चपराशाकडे. दोघांनी एकमेकांना सांगायचा नाही, कुठं लिहायचा नाही. काही मोठं काम निघालं की सरांनी येऊन आपला अर्धा टाकायचा, मग गुलाबरावांनी हात धुऊन यायचं आणि आपला टाकायचा. आणि तेवढा वेळ खोलीतल्या बाकी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. सगळ्यांनी म्हणजे बाईंनीसुद्धा. ज्या बाईनं हे सगळं बसवलं, तिलाच पासवर्ड माहीत नव्हता.

"मले माहीत नाई, हे बी एक कुलूपच हाय," त्या म्हणत. "माहीत असला तं घाईत कधीतरी मीच टाकून देईन. मले माह्या घाईची खात्री नाई."

काकडे सरांना हे फार लागलं होतं. एक तर हेडमास्तर असून पाहुणा, त्यात मालकीतला बरोबरीचा वाटेकरी कोण, तर चपराशी. बाईंना त्यांनी एकदा स्पष्ट विचारलं, "अहो, अर्धा गुलाबरावले काऊन? सुपरवायझर आहे ना." बाई म्हणाल्या, "सर, तुमी सांगतलं तं सुपरवायझर नाई म्हणन का? गुलाबराव म्हणते." हे मात्र खरं होतं. गुलाबरावांच्या घरची भाजीची वाडी. वांगी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या सकाळी बाजारात लावून माणूस शाळेत यायचा. शाळेच्या जिवावर त्याचं पोट नव्हतं, त्यामुळे साहेबाला भ्यायची त्याला सवयच लागली नव्हती. नखांत माती, बोलणं मोजकं, आणि कीबोर्डवर एकच बोट.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की झडती. हा बाईंचाच शब्द. अँटिव्हायरसनं अख्खा कॉम्प्युटर तपासायचा, आठवडाभरात काही पकडलं असेल तर दोन्ही अर्धे टाकून ते हाकलायचं. समोरच्या भिंतीवर शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तिथंच आम्ही तोंड करून उभे. गुलाबराव एका बोटानं टक, टक करत. मी रिकामा उभा राहून ते टक मोजायला लागलो. नऊ. पुढच्या शनिवारीही नऊ. तिसऱ्या शनिवारी बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भास्कर, मोजू नको."

त्या दिवसापासून पासवर्ड टाकणं सुरू झालं की बाई वेळापत्रक मोठ्यानं वाचायला लागल्या. "सोमवार. पाचवी अ. मराठी, गणित, परिसर, पीटी. पाचवी ब. गणित, मराठी..." टकटक त्यात बुडून जायची. ऑफिससमोरून जाणाऱ्या मुलांना वाटायचं, मोठे बाबू बाईंना कसली तरी प्रार्थना लागली आहे. पण त्या वाचनातून बाईंनी एकदा सातवी ब ला गुरुवारी दोनदा पीटी पकडली आणि पीटीच्या सरांचा आरामाचा तास गेला.

एका दिवाळीनंतर काकडे सर आपला अर्धा विसरले. सुटीत पोरीकडे राहून आले आणि पाटी कोरी. प्रिंटर नवा आलेला, बसवायचा राहिलेला, दाखले अडलेले. सर तीन दिवस कपाळाला हात लावून बसले. मी मनातल्या मनात लाडू खात होतो. चौथ्या दिवशी बाईंनी सरांना खुर्चीवर बसवलं, बोटं कीबोर्डवर ठेवायला लावली आणि म्हणाल्या, "सर, तुमी आठवू नका. जावई काय म्हणते ते सांगा." सरांचं आणि जावयाचं बारा महिने वाकडं. सर सुरू झाले. दोन मिनिटांत आवाज चढला, जावयानं चहात साखर कमी म्हणून काय काय ऐकवलं ते आलं, आणि बोलता बोलता सरांची बोटं खाली आपोआप चालली. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून जावयाची कहाणी ऐकत होतो. "टाकलं जी," सर एकदम थांबून म्हणाले. बाई म्हणाल्या, "बोटाले याद होतं. गुलाबराव, या." जावयाचं पुढं काय झालं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि एकदा तपासणीला एक साहेब आले. त्यांना आपला कसलासा प्रोग्राम आमच्या कॉम्प्युटरवर टाकून पाहायचा होता. सर लगेच पुढं झाले. गुलाबराव झाडांना पाणी घालत होते, ते हात धुऊन, पंच्यानं पुसत, सावकाश आले. बाई साहेबांना म्हणाल्या, "साहेब, तोंड भिंतीकडं." साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. सर भिंतीकडे, मी भिंतीकडे, बाई भिंतीकडे. साहेबही वळले. बाईंनी सोमवारपासून सुरुवात केली. जाताना साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुमच्याकडं पाचवीला मराठी पहिल्याच तासाला असते, छान आहे."

हसण्यावारी नेलं तरी एवढी राखण कशाची, ते मला उशिरा कळलं. आमची शाळा स्वातंत्र्याआधीची. जुनी दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे कोण पोरगं कधी शाळेत आलं, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, कधी गेलं, सगळं त्यात. आज कोणाच्या नातवाला जात पडताळणी करायची असली की आज्याची ती एक ओळ लागते. त्या ओळीशिवाय प्रवेश नाही, नोकरी नाही. रजिस्टरांना वाळवी, आमच्याकडे उदई म्हणतात ती, लागलेली. बाईंनी चार उन्हाळे सुटीत येऊन, एकेक पान ब्रशनं झटकून, त्यांचे फोटो कॉम्प्युटरवर चढवले होते. ते सगळं मालकाच्या खोलीत. पाहुण्याला ते उघडतसुद्धा नव्हतं.

"माह्या लहान्या भावाचं असंच झालं," बाई एकदा फुटाणे निवडता निवडता म्हणाल्या. "आमच्या आज्याचं पान दुसऱ्या एका शाळेत होतं. आमी गेलो तं त्या पानावर उदईनं भोक पाडलेलं. नाव हाय, अन् जात गेली. भाऊ एक साल घरीच बसला. मंग त्यानं शिकाचं नावच नाई घेतलं." एवढंच बोलल्या. मी उठून त्यांच्या तांब्यात पाणी भरून आणलं.

त्या फोटोंची दुसरी प्रत लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर काकडे सरांचा लाडका. तिथं त्यांनी बाईंचं ऐकलं नव्हतं. तिथं पाहुणाबिहुणा काही नाही, जो बसेल तो मालक. शाळेच्या तारेनं दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. बाई म्हणत, "सर, ते दार उघडं हाय." सर म्हणत, "बाई, एक तरी घर माह्यं राहू द्या."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. प्रवेशांचे दिवस. प्रज्ञा थूल नावाची मुलगी आली. नर्सिंगला नंबर लागलेला, आज्याच्या नोंदीचा उतारा हवा, आणि तो दुसऱ्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत वर्ध्याला द्यायचा. नाहीतर जागा पुढच्याला. कागदी रजिस्टर काढलं. सदाशिव थूल असायला हवेत त्या पानाची वाळवीनं चाळणी केलेली. बाई डोळे तपासायला वर्ध्याला गेलेल्या, आणि त्यांच्या सहीशिवाय उतारा देता येत नव्हता. फोनवर म्हणाल्या, "पोरीले सांग, भेव नको. उद्या बाराच्या गाडीनं येतो अन् काढून देतो." पोरगी बिचारी 'येतो जी' म्हणून गेली.

त्याच दुपारी ऑफिसच्या मेलवर एक पत्र आलं. विषय, 'अतिरिक्त कर्मचारी समायोजन यादी'. ज्यांनी खासगी शाळेत नोकरी केली आहे त्यांना हे चार शब्द काय असतात ते सांगायला नको. पट कमी झाला की माणूस जादा ठरतो आणि उचलून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. माझं नाव आहे का, एवढं एकच डोक्यात. जोडलेली फाईल उघडायला गेलो तर लाल चौकट. अँटिव्हायरसनं अडवली, उघडायची तर मालकाचा पासवर्ड द्या. मी सरांकडे पळालो. सरांनीही विषय वाचला आणि आपला अर्धा धडाधड टाकला. गुलाबरावांना बोलावलं. ते आले, पडद्याकडे पाहिलं आणि हात मागं घेतले.

"हे लाल काऊन हाय?"

"गुलाबराव, टाका लवकर. यादी आहे," सर म्हणाले.

"बाई नाई तं मी नाई. लाल असलं तं बाईले फोन करा."

"मी हेडमास्तर आहे."

"हो सर, तुमी हेडमास्तर हा," गुलाबराव म्हणाले आणि बादली घेऊन चालते झाले. फोन करायला काय झालं होतं मला? पण बाई नाही म्हणतील हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच केला नाही. मी लायब्ररीत गेलो, तिथून तोच मेल उघडला. तिथंही अँटिव्हायरसनं लाल चौकट दाखवली. पण तिथं मी मालक. तो म्हणाला 'परवानगी द्या', मी दिली. यादीबिदी काही नव्हतीच. पडदा काळा झाला, परत आला, आणि सगळ्या फायलींची नावं बदलून काहीतरी भलतंच दिसायला लागलं. वर इंग्रजीत धमकी, सगळं आम्ही कुलूपबंद केलं आहे, किल्ली हवी तर इतके भरा. रजिस्टरांची ती दुसरी प्रत त्यातच होती.

धावत ऑफिसात आलो तर तारेवरून ते इकडंही पोचलेलं. पाहुण्याच्या ओसरीतलं सगळं गेलं. वर्षाची पत्रं, याद्या, मी टाईप केलेलं सगळं. आतल्या खोलीत काय झालं, दिसायला मार्ग नव्हता. मी मशीन बंद केलं. बाईंना फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. वीज गेली होती, व्होल्टेज वाढलं होतं, असं सांगता आलं असतं; सरांनी तसं सुचवलंही. पण माझ्या तोंडून निघेना. मग बाई म्हणाल्या, "तार काढ दोनी मशीनची. अन् हात नको लावू कशाले."

दुसऱ्या दिवशी साडेअकरापासून प्रज्ञा ऑफिसच्या बाकावर येऊन बसली. तिला काही सांगितलेलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. बाराच्या गाडीनं बाई आल्या. डोळ्यात औषध घातलेलं, पापण्या सुजलेल्या. पिशवी ठेवली, पाणी प्याल्या, आणि म्हणाल्या, "सर, या. गुलाबराव, हात धुवा."

मी भिंतीकडे वळलो. बाई वाचायला लागल्या. सोमवार. पाचवी अ. शेवटचा टक झाला. बाई वळल्या, खुर्चीवर बसल्या, चष्मा वर सरकवून पडद्याला नाक लावलं. आतली खोली उघडली. फायलींची नावं जशीच्या तशी. पहिलं रजिस्टर, दुसरं, तिसरं. बाईंनी एक उघडून पाहिलं, मग आणखी एक, मग एक लांबचं. अँटिव्हायरसनं खाली नोंद ठेवली होती, आत घुसायचा प्रयत्न झाला, परवानगी नसल्यानं जमला नाही.

"ओसरीतच राह्यला," बाई म्हणाल्या. मग हाक मारली, "ये वं पोरी, आज्याचं नाव सांग."

पान छापून आलं. सदाशिव वल्द मोतीराम थूल, जात, जन्मतारीख, एकेक अक्षर. बाईंनी फुटाणा तोंडात टाकून पूर्ण वाचलं, मग सही केली. प्रज्ञा कागद दोन्ही हातांत धरून उभी राहिली. "माह्या आज्याचं अक्षर आहे का जी हे?" तिनं विचारलं. "नाई, मास्तराचं हाय," बाई म्हणाल्या, "पण नाव त्याचंच हाय. जा, गाडी जाईन." ती गेली. तिचा प्रवेश झाला. पेढ्यांचा डबा घेऊन आली तेव्हा तिनं सगळ्यात आधी गुलाबरावांना दिला. गुलाबरावांनी त्या दिवशी हात मागं घेतले होते, हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. मला संशय सरांचा आहे.

बाई मला रागावल्या नाहीत. मी तीन दिवस रागावण्याची वाट पाहिली आणि त्यापायी जास्त खंगलो. चौथ्या दिवशी त्यांनी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरही दोन नावं केली, मालक आणि पाहुणा. सर स्वतः येऊन पाहुणा होऊन बसले.

पुढं वर्षभरानं बाई रिटायर झाल्या. शेवटचा दिवस शनिवारच होता. शाल, नारळ, भाषणं झाली. काकडे सर भाषणात बाईंबद्दल बोलता बोलता जावयावर घसरले, ते त्यांना आवरावं लागलं. कार्यक्रम संपल्यावर बाई घरी जायच्या ऐवजी ऑफिसात आल्या. झडती राहिली होती.

सर म्हणाले, "बाई, माह्या अर्ध्याचं बोलाचं होतं. त्या दिवशी मी कसा धडाधड टाकला, तुमाले माहीत आहे. तो आता भास्करले द्या."

"मला?" मी म्हणालो. "अहो, चूक तर माझीच होती."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "तुले आता लाल चौकटीचं भेव वाटते. मले भेव वाटणाराच माणूस पाह्यजे. अन् तू खोटं नाई बोलला. बस."

सरांनी आपला, गुलाबरावांनी आपला टाकून खोली उघडून दिली. मी खुर्चीत बसलो. नवा अर्धा ठरवायचा, एकदा टाकायचा, पुन्हा एकदा टाकायचा, मग दोन्हींच्या पुढं गुलाबराव आपला जोडणार. बाईंनी अंगावरची शाल काढून टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. आता त्यांना पासवर्ड दिसला असता तरी काय बिघडणार होतं? सोमवारपासून त्या शाळेच्या कोणीच नव्हत्या. पण वळल्या, आणि वाचायला लागल्या. सोमवार. पाचवी अ. मराठी, गणित, परिसर.

माझ्यासमोर त्यांची पाठ होती, आणि मानेवरून आलेली चष्म्याची लाल फीत. मंगळवार झाला, बुधवार झाला. सातवी ब चा गुरुवार आला, तिथं त्या थोड्या हसल्या. गुलाबराव दाराशी भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांनी एकदा खाकरून पाहिलं. शुक्रवार सुरू झाला. माझा अर्धा सोमवारी सहावीच्या आतच दोन्ही वेळा टाकून झाला होता. 'झालं' म्हणालो की गुलाबराव आपला अर्धा जोडणार, बाई वळणार, पिशवी घेणार आणि सेलूच्या गाडीला जाणार, म्हणून मी गप्प बसून होतो.